कात्रीने बेतलेलं 'इट'

एखाद्याला मिळालेलं बिरुदच कधीकधी त्याचं कर्तृत्व गिळून बसतं. अमेरिकी मूकपटांच्या काळातली अभिनेत्री क्लारा बो हिच्या बाबतीत तेच झालं. १९२७ सालच्या फेब्रुवारीत पॅरामाउंटचा 'इट' नावाचा सव्वा तासाचा प्रेमविनोदी मूकपट सगळीकडे झळकला आणि बाविशीही न गाठलेली क्लारा 'इट गर्ल' झाली. हा शब्द अजून जिवंत आहे. एखादी नवी नटी किंवा मॉडेल गाजू लागली की वर्तमानपत्रांच्या रंगीत पुरवण्या तिला सहज 'इट गर्ल' म्हणून मोकळ्या होतात. पण ज्या बाईमुळे हा शब्द जगभर पसरला, ती नेमकं काय करायची हे मात्र फारसं कोणी सांगत नाही, कारण त्या शब्दातच उत्तर दडलेलं आहे अशी सगळ्यांची समजूत. तिच्यात 'ते' होतं. उपजत होतं, देवाने दिलेलं होतं. त्यावर आणखी काय बोलायचं? या प्रकरणात मला याच्या उलट बाजू मांडायची आहे. 'इट' हा चित्रपट नीट पाहिला तर तो स्वतःच्या जाहिरातीलाच खोडून काढतो. ज्याला तो गूढ आकर्षण म्हणतो, ते पडद्यावर प्रत्यक्षात दिसतं ते कामाच्या रूपात: कथेतल्या बेटीने केलेलं काम आणि बेटीची भूमिका करणाऱ्या क्लाराने केलेलं काम.

आधी शब्दाची जन्मकथा पाहू, कारण तिचा एक धागा मुंबईत जन्मलेल्या लेखकापर्यंत जातो. रुडयार्ड किपलिंगने १९०४ साली 'मिसेस बाथर्स्ट' ही कथा प्रसिद्ध केली. तीत काही माणसं एका बाईबद्दल बोलत बसलेली आहेत. ती फार देखणी नाही, फार बोलकीही नाही, तरी एकदा पाहिलेला माणूस तिला विसरत नाही. याला काय म्हणावं हे त्यांना सांगता येत नाही, म्हणून ते नुसतं 'इट' म्हणतात. विशेष म्हणजे याच कथेतला एक खलाशी तिला पुन्हा पाहतो तो केपटाऊनमध्ये, सिनेमाच्या हलत्या चित्रांत, आणि त्या चित्रांनी झपाटून जातो. म्हणजे या अर्थाने हा शब्द साहित्यात उमटला तेव्हाच तो सिनेमाच्या पडद्याला चिकटलेला होता. पुढे तो उचलला एलिनॉर ग्लिन या इंग्रज कादंबरीकार बाईंनी. १९०७ सालच्या 'थ्री वीक्स' या त्या काळी धाडसी ठरलेल्या कादंबरीने त्यांचं नाव झालेलं होतं आणि १९२० पासून त्या हॉलिवूडमध्ये प्रेमशास्त्रातल्या जाणकार म्हणून वावरत होत्या. त्यांनी 'इट' नावाची कादंबरिका लिहिली, ती 'कॉस्मोपॉलिटन' मासिकातून आली, आणि त्यांनी या शब्दाची व्याख्याही केली. ही एक चुंबकासारखी ओढ. ती ज्याच्यापाशी असते त्याला तिची जाणीव नसते, आणि आपण समोरच्याला आवडतो की नाही याची त्याला फिकीरही नसते. व्याख्येतले हे दोन शब्द, जाणीव नसणं आणि बेफिकिरी, वाचकाने लक्षात ठेवावेत.

पॅरामाउंटने या शब्दासाठी ग्लिनबाईंना ५०,००० डॉलर दिले, आणि ते कथेसाठी नव्हते. कादंबरिकेत केंद्रस्थानी एक पुरुष आहे आणि तिची गोष्ट वेगळीच आहे. चित्रपटाची पटकथा होप लोरिंग आणि लुई लाइटन या जोडीने लिहिली. दिग्दर्शन क्लॅरेन्स बॅजर यांचं, आणि ते आजारी पडले तेव्हा काही भाग जोसेफ फॉन स्टर्नबर्ग यांनी चित्रित केला. ग्लिनबाईंकडून विकत घेतलं ते नाव, आणि क्लारा बो हीच त्या नावाची धनीण आहे असा त्यांचा शिक्का. त्या स्वतः चित्रपटात येतात, रिट्झ हॉटेलात झोकात प्रवेश करतात आणि आपली व्याख्या सांगून जातात. हॉलिवूडमध्ये 'इट' कोणाकोणात आहे असं विचारलं तेव्हा त्यांनी जी नावं घेतली असं सांगतात, त्यांत क्लारा होती, तिचा नायक अंतोनिओ मोरेनो होता, अँबॅसेडर हॉटेलचा दरवान होता आणि चित्रपटांत काम करणारा रेक्स नावाचा एक घोडाही होता. ही यादी पुष्कळदा गंमत म्हणून सांगितली जाते. मला ती पुरावा म्हणून महत्त्वाची वाटते. 'इट' जर घोड्यात आणि दरवानातही सापडत असेल, तर तो गुण अभिनयाचा नव्हे. आणि क्लाराला त्याच रांगेत उभं केलं की तिचा अभिनय हिशेबातूनच वजा होतो.

आता चित्रपटाकडे वळू. बेटी लू स्पेन्स ही न्यूयॉर्कमधल्या वॉल्थम नावाच्या भल्यामोठ्या डिपार्टमेंट स्टोअरमध्ये काउंटरवर माल विकणारी मुलगी. दुकानाचा तरुण मालक सायरस वॉल्थम तिच्या दृष्टीला पडतो आणि हा आपल्याला हवा, असं ती ठरवते. मालकाला मात्र ती दिसतही नाही; त्याच्या लेखी काउंटरमागच्या मुली म्हणजे दुकानातलं सामान. मालकाचा दोस्त माँटी मासिकातलं 'इट' वाचून भारावलेला असतो; तो आधी आरशात डोकावून आपल्यात ते आहे का हे तपासतो आणि मग दुकानातल्या मुलींत ते शोधत फिरतो. त्याला ते बेटीत सापडतं. तो तिला जेवायला नेऊ पाहतो तेव्हा बेटी रिट्झमध्येच जायचं म्हणते, कारण त्या रात्री सायरस तिथे येणार हे तिला ठाऊक असतं. पण रिट्झमध्ये घालून जाण्यासारखा पोशाख तिच्याकडे नाही. मग ती आणि तिच्याबरोबर राहणारी मैत्रीण मॉली कात्री घेतात आणि बेटीच्या अंगावरच्या रोजच्या कामाच्या झग्यालाच कापून, दुमडून, वरून सजवून त्यातून संध्याकाळचा पोशाख उभा करतात. चित्रपटातला हा सर्वांत चांगला प्रसंग आहे. दिवसभर दुसऱ्यांना कपडे विकणाऱ्या मुलीला स्वतःसाठी एक धड पोशाख परवडत नाही, हे त्यात कोणीही बोलून दाखवत नाही. कात्रीच ते सांगते. आणि ग्लिनबाईंच्या व्याख्येतली ती बेफिकिरी इथे कुठे आहे? आपण कशा दिसतो, कोणासमोर दिसतो, किती वाजता आणि कोणत्या टेबलावरून दिसतो, या प्रत्येक गोष्टीची बेटीला फिकीर आहे. ती ओढ लावत नाही, ती बेत आखते.

पुढेही तेच. रिट्झमध्ये सायरसची नजर तिच्याकडे वळते, बोलणं होतं, आणि निघताना ती त्याच्याशी पैज लावते की पुन्हा भेटू तेव्हा तू मला ओळखणार नाहीस. दुसऱ्या दिवशी ती त्याच्याच दुकानात असते आणि त्याचं तिच्याकडे पटकन लक्षच जात नाही. पैज तो हरतो. या पैजेत केवढा समाज सामावलेला आहे पाहा! पोशाख बदलला की मालकाला मुलगी दिसते, गणवेशासारख्या कामाच्या कपड्यांत ती दिसेनाशी होते, आणि बेटीला हे आधीच माहीत असतं. मग ती त्याला कोनी आयलंडला नेते. ब्रुकलिनच्या समुद्रकाठची ही कायमची जत्रा: पाळणे, घसरगुंड्या, गरगर फिरणारी यंत्रं, हातात धरून खायचं खाणं. तिथे मालकाच्या इस्त्रीच्या कपड्यांची किंमत शून्य. घसरगुंडीवरून दोघं एकमेकांवर आदळत खाली येतात तेव्हा पहिल्यांदा ते एका पातळीवर येतात, अगदी शब्दशः. रिट्झमध्ये तिने त्याच्या जगात शिरण्यासाठी झगा कापला, आता तो तिच्या जगात कपडे चुरगाळून घेतो. मात्र परतताना गाडीत तो तिचं चुंबन घेऊ पाहतो तशी ती त्याच्या कानशिलात ठेवून देते, घरात पळते आणि खिडकीच्या पडद्याआडून तो जाताना पाहते. ती थप्पड आणि ते डोकावणं मिळून एकच वाक्य होतं. तू मला हवास, पण तुझ्या अटींवर नाही. मजकुराची पाटी नसती तरी हे कळलं असतं.

यानंतर विनोदी चित्रपटात सहसा न येणारी गोष्ट येते. मॉली आजारी आहे, तिचं मूल तान्हं आहे, आणि समाजसेवेच्या नावाखाली दोन बायका ते मूल उचलून न्यायला दारात येतात. मॉलीला काम नाही, तेव्हा ती मूल सांभाळायला नालायक, असा त्यांचा हिशेब. बेटी मूल कवेत घेते आणि ठणकावते की हे माझं आहे, मी कमावते. तिथे हजर असलेल्या बातमीदाराची छोटीशी भूमिका गॅरी कूपरची. पुढच्या दहा वर्षांत तो केवढा मोठा नट होणार हे तेव्हा कोणाला ठाऊक नव्हतं. बेटीचे ते शब्द माँटीच्या कानावर जातात, माँटीकडून सायरसच्या. मग सायरस बेटीला दागिने, कपडे, जे मागशील ते देऊ करतो, लग्न सोडून. या क्षणी बेटीच्या चेहऱ्यावर आधी आनंद उमटतो, कारण तिला ही मागणी वाटते. मग बोलण्याचा अर्थ उतरत जातो आणि तो आनंद जागच्या जागी विझतो. ती नोकरी सोडून निघून जाते. पुढे खरा घोटाळा कळल्यावर ती सूड घ्यायचं ठरवते, माँटीला हाताशी धरून सायरसच्या 'इटोला' नावाच्या जहाजावर भलत्याच नावाने चढते, त्याच्याकडून लग्नाची मागणी वदवून घेते आणि ती झिडकारते. शेवटी टक्कर, समुद्रात पडणं, आपल्या प्रतिस्पर्धिणीला बेटीनेच बुडताना वाचवणं, आणि जहाजाच्या नांगरावर मीलन. पहिल्या फ्रेमपासून शेवटच्या फ्रेमपर्यंत या मुलीला एकही गोष्ट आपोआप मिळत नाही.

यावर पहिली हरकत उघड आहे. शेवटच्या दृश्यात जहाजाच्या नावातली पहिली दोन अक्षरं, म्हणजे 'इट', नायक-नायिकेच्या मधोमध दिसतात. चित्रपटाला ग्लिनबाईंचीच गोष्ट सांगायची नसती तर असा शेवट कशाला केला असता? हरकत खरी आहे. पॅरामाउंटला तेच सांगायचं होतं, त्यासाठीच तर पैसे मोजले होते. पण चित्रपट काय म्हणतो आणि काय दाखवतो या दोन गोष्टी वेगळ्या असू शकतात. सिद्धान्त येतो तो पाट्यांवरून, मासिकाच्या पानावरून, ग्लिनबाईंच्या तोंडून आणि जहाजाच्या नावावरून. कृती मात्र सगळ्या बेटीच्या आहेत. सिद्धान्ताच्या साऱ्या पाट्या कापून टाकल्या तरी गोष्ट तशीच पुढे सरकते. बेटीचे बेत कापले तर ती पहिल्या दहा मिनिटांतच थांबते. दुसरी हरकत जास्त गंभीर आहे: अखेर ही राखेतून महालात जाणाऱ्या सिंड्रेलाचीच कहाणी, दुकानातल्या मुलीची सुटका मालकाशी लग्न करूनच होते, मग तिच्या हिकमतीचं एवढं कौतुक कशाला? हे मी नाकारत नाही. दुकानातल्या मुलींचे पगार, त्यांचे उभ्याने काढलेले तास, मॉलीची बेकारी, यांतलं काहीही शेवटी बदलत नाही. पण सिंड्रेलाचा झगा परी देते आणि बारा वाजता तो नाहीसा होतो. बेटीचा झगा तिने स्वतः कापलेला आहे आणि दुसऱ्या दिवशीही तो तिचाच आहे. १९२७ साली तिकीट काढून बसलेल्या, दिवसभर काउंटरमागे किंवा टाइपरायटरपुढे राबलेल्या मुलीला परी भेटण्याचा संभव नव्हता. कात्री मात्र तिच्या घरात होती.

आता क्लाराकडे. तिचा जन्म २९ जुलै १९०५ चा, न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात, दारिद्र्यात. वडिलांच्या नोकरीचा भरवसा नव्हता, आईला गंभीर मानसिक आजार होता. मुलीने सिनेमात जाऊ नये म्हणून त्या आजाराच्या भरात आई एका रात्री सुरी घेऊन तिच्या अंगावर गेली होती. हे सगळं क्लाराने १९२८ साली 'फोटोप्ले' मासिकातल्या आत्मकथनात सांगितलं. त्यातच एक गोष्ट आहे जी मला तिच्या दुःखाच्या कहाणीपेक्षाही मोलाची वाटते. सिनेमा पाहून ती घरी यायची आणि आरशासमोर उभी राहून त्यातली सगळ्यांची कामं करून पाहायची. चित्रपटातला माँटी आरशात पाहतो ते आपल्यात काही आहे का हे तपासायला. क्लारा पाहत होती ते आपल्याला काही जमतंय का हे तपासायला. १९२१ साली एका सिनेमासिकाच्या स्पर्धेत ती पहिली आली. बक्षीस म्हणून चषक मिळाला आणि, योगायोग असा, की संध्याकाळी घालायचा पोशाखही. काम देण्याचं आश्वासन मात्र तोंडीच राहिलं. १९२२ सालच्या पहिल्या चित्रपटातले तिचे प्रसंग कापले गेले. त्याच साली न्यू बेडफर्ड या देवमाशांच्या शिकारीसाठी प्रसिद्ध असलेल्या बंदरात चित्रित झालेल्या 'डाउन टू द सी इन शिप्स'मध्ये तिच्या छोट्या भूमिकेकडे लोकांचं लक्ष गेलं. मग हॉलिवूड, निर्माता बी. पी. शुलबर्गचा करार, आणि मिळेल त्या स्टुडिओला तिला भाड्याने देण्याचा त्याचा धंदा. एकट्या १९२५ सालात तिचे डझनावर चित्रपट आले. त्यांतले बरेचसे सुमार होते. पण कॅमेऱ्यापुढे रोज उभं राहून, वेगवेगळ्या दिग्दर्शकांच्या हाताखाली, वेगवेगळ्या नटांसमोर काय चालतं आणि काय चालत नाही हे शिकण्यासाठी याहून कठोर शाळा सापडणार नाही. १९२६ साली व्हिक्टर फ्लेमिंगच्या 'मॅनट्रॅप'मध्ये ही शाळा संपल्याचं दिसतं. 'इट' आला तो त्यानंतर. जिला लोक एका रात्रीत उगवलेली तारका समजले ती पाच वर्षं राबलेली कामगार होती.

तिचं काम कसं दिसतं? मूकपटातला सर्वसाधारण नट एका शॉटमध्ये एक भावना दाखवायचा आणि ती प्रेक्षकापर्यंत पोचेपर्यंत धरून ठेवायचा. राग म्हणजे राग, विरह म्हणजे विरह. क्लारा एकाच शॉटमध्ये तीन-चार गोष्टी करते आणि त्या एकमेकींत मिसळू देत नाही. सायरसला पहिल्यांदा पाहताना तिच्या डोळ्यांत आधी कुतूहल, मग हाव, मग स्वतःच्या हावेचं हसू आणि मग पुन्हा काउंटरचं भान, असा क्रम लागतो आणि प्रत्येक पायरी वेगळी वाचता येते. ती डोळ्यांइतकीच खांदे, मान आणि हातांनी बोलते. शेजारच्या माणसाला, टेबलाला, स्वतःच्या झग्याला हात लावल्याशिवाय तिला राहवत नाही, आणि त्या प्रत्येक स्पर्शाला काहीतरी म्हणायचं असतं. विनोदाला लागणारा वेग तिच्या अंगात मुरलेला आहे. शेजारी मोरेनो आहे. त्याच्यावर तोच प्रकाश पडतो, समोर तोच कॅमेरा आहे, ग्लिनबाईंचं तेच प्रमाणपत्र त्याच्या खिशात आहे. तरी चित्रपट संपल्यावर मोरेनोचं काय आठवतं? देखणा होता, एवढंच. दोघांतही 'इट' असेल आणि एकटीच लक्षात राहत असेल, तर फरक करणारी गोष्ट 'इट' नव्हे. तिच्या रूपाबद्दल बोलायचं तर ज्या लालभडक केसांसाठी ती प्रसिद्ध होती ते पडद्यावर दिसतच नव्हते. त्या काळच्या नेहमीच्या फिल्मला लाल रंग गडद दिसे, त्यामुळे तिचे केस काळसरच उमटत. केसांचा रंग लोकांना ठाऊक झाला तो मासिकांतून. पडद्यावर तिच्याकडे होतं ते हालचाल आणि चेहरा, बस.

इथे जाणकार म्हणतील की कॅमेऱ्याला काही चेहरे आवडतात आणि काही आवडत नाहीत, हे सिनेमाच्या जगात सगळ्यांना माहीत आहे. कष्ट तर शेकडो मुली करत होत्या, मग त्या सगळ्या क्लारा बो का झाल्या नाहीत? ही हरकत मला सर्वांत बळकट वाटते. उपजत असं काही नसतंच, असा माझा दावा नाही. आपल्याकडे एखाद्याच्या गळ्यात सूर आहे असं म्हणतात ते खोटं नसतं. पण त्या गळ्याची मैफल ऐकून उठलेला रसिक रियाजाचा विषय काढल्यावाचून राहत नाही. रियाज आपण गृहीत धरतो, गुरू कोण ते विचारतो, घराणं विचारतो. क्लाराच्या बाबतीत कोणी हे विचारलं नाही. तिच्या मोठ्या डोळ्यांची गणना 'इट'मध्ये झाली आणि त्या डोळ्यांनी एका शॉटमध्ये चार गोष्टी सांगण्याची करामतही 'इट'मध्येच जमा झाली. जी देणगी आहे तिची देणगी म्हणून नोंद व्हावी, जे कमावलेलं आहे त्याची कमाई म्हणून. दोन्ही एकाच खात्यावर मांडणं हा हिशेबातला घोटाळा आहे, आणि तो नेहमी कष्ट करणाऱ्याच्याच अंगावर येतो. स्टुडिओने तिला घडवलं, हा दावाही याच खात्यातला. शुलबर्गने तिला चित्रपट दिले, जाहिरात दिली, शब्द दिला. पण त्याच्याकडून असाच पैसा आणि अशीच जाहिरात मिळालेली कितीतरी नावं आज कोणाला आठवतही नाहीत.

बोलपट आले आणि क्लारा संपली, म्हणजे तिच्यात नुसतं दर्शनी आकर्षण होतं, असंही वारंवार लिहिलं जातं. तारखा वेगळं सांगतात. १९२७ सालीच तिचा 'विंग्ज' आला, ज्याला पुढे सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं पहिलं ऑस्कर मिळालं. १९२८ आणि १९२९ या दोन्ही वर्षी चित्रगृहचालकांच्या पाहणीत गर्दी खेचणाऱ्या कलावंतांत ती पहिली होती. डोरोथी आर्झनरने दिग्दर्शित केलेला तिचा पहिला बोलपट 'द वाइल्ड पार्टी' १९२९ साली आला आणि चालला. एका जागी टांगलेल्या मायक्रोफोनखाली जखडून राहणं क्लाराला जमेना, म्हणून आर्झनरने मायक्रोफोन काठीला बांधून तिच्या डोक्यावर फिरता ठेवला. बोलपटाच्या तंत्राला तिच्या हालचालीमागे धावावं लागलं. तिला थांबवलं ते अतिश्रमांनी, ढासळत्या प्रकृतीने आणि १९३१ सालच्या एका खटल्याने, ज्यात तिचं खासगी आयुष्य वर्तमानपत्रांनी चव्हाट्यावर मांडलं. १९३३ च्या 'हूपला'नंतर अठ्ठावीस वर्षांची क्लारा सिनेमा सोडून गेली. १९६५ साली ती वारली तोपर्यंत सिनेमाचा इतिहास लिहिणाऱ्यांनीही तिला बाजूला ठेवलेलं होतं. केव्हिन ब्राउनलो या मूकपटांच्या थोर अभ्यासकाच्या १९६८ सालच्या 'द परेड्स गॉन बाय' या गाजलेल्या ग्रंथात ती नव्हती. तेव्हा तिच्याच काळातली अभिनेत्री लुईस ब्रुक्स हिने, जिला स्वतःला त्या ग्रंथात मानाचं स्थान होतं, ब्राउनलोला पत्र लिहून तक्रार केली की तुम्ही क्लारावर अन्याय केला. ब्राउनलोने १९८० च्या आपल्या 'हॉलिवूड' या माहितीपट मालिकेत ती चूक दुरुस्त केली. ब्रुक्सचं हे करणं मला फार मोठं वाटतं. अभिनेत्रीचं काम अभिनेत्रीने ओळखलं. अभ्यासकांच्या डोळ्यांवर एका शब्दाची पट्टी होती.

मराठी वाचकाला याच्या जवळची एक गोष्ट सांगायला हवी. पुण्यात १९०७ साली जन्मलेली रूबी मायर्स टेलिफोन ऑपरेटर होती. मोहन भवनानींनी तिला सिनेमात आणलं आणि मुंबईच्या मूकपटांत ती सुलोचना नावाने आपल्या काळातली सर्वांत मोठी तारका झाली. चंदुलाल शाहांनी दिग्दर्शित केलेल्या तिच्या १९२६ सालच्या एका चित्रपटाचं नाव होतं 'टायपिस्ट गर्ल'. म्हणजे नोकरी करणारी शहरी मुलगी मुंबईच्या पडद्यावर 'इट'च्या आधीच पोचली होती. त्यामुळे हे अनुकरण म्हणता येणार नाही. दोन्ही शहरांत मुली पगाराच्या कामाला बाहेर पडत होत्या आणि दोन्हीकडच्या सिनेमाने त्यांना तिकीटबारीवर पाहिलं होतं. १९२७ च्या 'वाइल्डकॅट ऑफ बॉम्बे'मध्ये सुलोचनाने आठ वेगवेगळी रूपं घेतली. अशा भूमिकेला उपजत आकर्षण पुरत नाही. १९७३ सालचा दादासाहेब फाळके पुरस्कार तिला मिळाला, पण आठ रूपं तिने कशी वठवली हे आज कोणालाही पाहता येत नाही, कारण हे दोन्ही चित्रपट उरलेले नाहीत.

'इट'ही असाच गेला होता. नायट्रेटच्या जुन्या फिल्म पेट घेतात, कुजतात, आणि मूकपटांना किंमत उरली नव्हती तेव्हा कित्येक फेकून दिल्या गेल्या. ग्लिनबाईंच्याच कथेवरच्या क्लाराच्या 'रेड हेअर' या १९२८ सालच्या चित्रपटाचे, ज्यात तिचे केस एकदाचे रंगीत दिसले होते, आता थोडे तुकडेच शिल्लक आहेत. 'इट'ची एक प्रत १९६० च्या दशकात प्रागमध्ये सापडली. २००१ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदवहीत त्याचा समावेश झाला आणि २०२३ च्या सुरुवातीपासून अमेरिकेत तो कोणाच्याही मालकीचा राहिलेला नाही. तो जरूर पाहा. ग्लिनबाई रिट्झमध्ये येऊन व्याख्या सांगतील तेव्हा त्यांच्याकडे लक्ष द्या, पण त्याआधीचा झगा कापण्याचा प्रसंग पुन्हा एकदा मागे नेऊन बघा, आणि या वेळी फक्त क्लाराचे हात पाहा.